नावं पाहुणे भरतील

चिंचखिंडीच्या लढाईतून चंडराव महाराज पळाले, की त्यांनी धोरणी माघार घेतली, यावरून राज्याचा ऑनलाइन ज्ञानकोश पेटला होता. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं, हा नियम खुद्द महाराजांनीच मोठ्या हौसेने केला होता. सकाळी प्रधानांची पगारी माणसं 'धोरणी माघार' लिहीत आणि दुपारी त्या लढाईतले शत्रू, शेजारचे राजे मानाजीराव यांची माणसं त्याचं 'पलायन' करून ठेवत. कोश सांभाळणारे सदोबा दोन्ही खोडून खोडून थकले होते.

अशात तहासाठी मानाजीराव पाहुणे आले. महाराजांनी भर दरबारात सदोबांना फर्मावलं, "पानं वाढायच्या आत आम्हा दोघांना मान्य होईल अशी नोंद करा. नाहीतर कोश बंद, आणि तुम्ही हद्दपार."

सदोबांचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी येसू डबा घेऊन आली होती. तिला आधी रडू आलं, मग राग आला आणि ती पुढे झाली.

"महाराज, नोंद तुम्हीच लिहा. फक्त दोन्ही राजांच्या नावांच्या जागा मोकळ्या सोडा. त्या पाहुणे भरतील."

"हा कुठला न्याय?"

"मटणाचा. आमच्या आळीत बोकड कापला की वाटे घालणारा आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलतो. म्हणून वाटे सारखे पडतात."

महाराजांनी फोन ओढून घेतला आणि झरझर लिहिलं, 'शूर अमुक यांना पाहून भ्याड तमुक पळत सुटले.' मग त्यांची नजर मिशीला पीळ देत बसलेल्या मानाजीरावांकडे गेली. त्यांनी 'भ्याड' खोडलं. 'पळत सुटले' खोडलं. 'शूर' पाहुण्यांच्या घशात जाणार हे दिसल्यावर तेही खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'खिंडीत दोन राजे लढले. पाऊस आला. दोघे घरी गेले.'

"पावसाला संदर्भ..." सदोबा पुटपुटले. येसूने त्यांच्या पायावर पाय दिला.

"आता कोणाचंही नाव कुठेही घाला," मानाजीराव हसत म्हणाले. "मला मान्य आहे."

महाराज खूश झाले. सदोबांची नोकरी राहिली, येसूला सोन्याचं कडं मिळालं, शिवाय कोशात नवी नोंद झाली: 'येसू, राज्यातली सर्वांत हुशार मुलगी.'

जेवून उठतात तर त्यापुढे कोणीतरी जोडलेलं, 'संदर्भ हवा.' प्रधान खवळले. गुन्हेगार समोरच उभा होता.

"संदर्भाचा नियम सगळ्यांना सारखा, महाराज," सदोबा म्हणाले.

महाराज पोट धरधरून हसले. त्यांनी स्वतःच्या बोटांनी संदर्भ भरला: 'हिच्यापुढे मी हरलो. चंडराव.'

ते वाक्य मानाजीरावांच्या माणसांनी अजून खोडलेलं नाही.