मक्यात बुडालेलं बुजगावणं

कावळे सरकारी नोकरीत होते, तेव्हाची ही गोष्ट. सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, की जो मका लावील त्याला सरकारातून दरसाल एक पोतं गूळ अनुदान मिळेल. पाहणीचं काम कावळ्याकडे आलं.

पण कावळ्याला बुजगावण्याची भारी भीती. तो शेतात उतरायचाच नाही. लांबच्या बाभळीवरून बुजगावणं दिसलं, की तिथे मका असणारच असं म्हणून गूळ मंजूर करायचा.

हे रानडुकराच्या ध्यानात आलं. त्याने पडीक जमिनीत काठी रोवली, तिच्यावर मडकं पालथं घातलं आणि गूळ घरी नेला. बघता बघता सगळ्या जंगलात मडकीच मडकी झाली.

साळिंदरबाई मात्र खुळी. तिने खरंच मका लावला. तो असा तरारला, की बुजगावणं त्यात बुडूनच गेलं.

"बाई, तुमचा अर्ज नामंजूर. बुजगावणं दिसत नाही," कावळा म्हणाला.

"अहो रावसाहेब, मक्यामुळेच दिसत नाही!"

"ते मला काय ठाऊक? मी शेतात उतरत नाही."

भादव्यात महाराजांना भाजलेलं कणीस खायची लहर आली. जंगलभर शोधलं, कणसं निघाली ती एकट्या साळिंदरबाईकडे. खाता खाता महाराजांनी विचारलं, "तुला गूळ किती मिळाला गं?"

तिने सगळं सांगितलं. महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की कावळा पंखांत डोकं खुपसून बसला.

मग शेवटचा दाणा चावत महाराजांनी हुकूम काढला, "यापुढे कुणीही बुजगावण्याहून उंच मका वाढवायचा नाही!"