खोगीरभरती

फार जुनी गोष्ट. चांदणी घोडी रायाजी जासुदाला पाठीवर घेऊन रोज टपाल पोचवायची. तिची पाठ सुजली, तरी त्याचं एकच, “विश्रांतीचा दिवस म्हणजे नुसती खोगीरभरती!”

खोगिराला ते झोंबलं. “मालक, भरती फुकटची वाटते ना? मग माझ्या पोटातला कापूस काढा, मला त्या दगडी गडग्यावर टाका अन् घटकाभर बसा.”

रायाजी हट्टाने बसला. थोड्याच वेळात कंबर धरून कण्हत उतरला. त्याने कापूस पुन्हा ठासून भरला आणि खोगीर खुंटीला अडकवलं.

“चांदणे, आज आराम कर. उद्या निघू.” असं म्हणत तो ओट्यावर टेकला अन् ताडकन उठला. “उद्या नको गं बाई, परवाच!”

चांदणी तोवर चारी पाय वर करून मातीत लोळतही होती.