बोटभर जास्त

एक होता साकव. साकव म्हणजे लाकडी पूल, तोही एवढासा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. पाय पांघरुणात घ्या बघू, मग सांगते.

त्या गावाला एक वाईट खोड होती. साकवावर दोघं समोरासमोर आली, की तिथंच पंजा लावायचा. जिंकेल तो पुढं, हरेल तो मागं. गावात आवडी नावाची एक किडकिडीत बाई होती. ती बिचारी जन्मभर मागंच फिरलेली. कुणी नुसता हात पुढं केला तरी ही वळायची.

मग एकदा काय झालं, तिन्हीसांजेला साकवाच्या मधोमध काहीतरी येऊन उभं राहिलं. त्याला चेहरा नव्हता, बरं का. समोर येईल त्याचाच चेहरा ते लावायचं, आणि त्याच्याहून बोटभर मोठं व्हायचं.

आधी गेला धोंडू पैलवान. ते त्याच्याहून बोटभर उंच झालं. धोंडू हरला, आणि परत आला तो मुका होऊन. सावलीसुद्धा बोटभर आखूड झालेली! मग खोतानं आपला मारका बैल पुढं घातला. त्याला बैलाहून बोटभर लांब शिंगं फुटली. बैल आला तो हंबरेचना. मग सगळे गडी एकमेकांच्या कमरा धरून निघाले. तेही त्यांच्या रांगेहून बोटभर लांबलं, सगळ्यांचे चेहरे लावून, आणि एका आवाजात म्हणालं, "मागं फिरा." फिरले की! गावानं दारं लावून घेतली.

आणि नेमकी तेव्हाच आवडीची तान्ही लेक तापानं फणफणली. वैद्य पलीकडं. पोर सकाळ बघेल असं दिसेना. आवडी तिला उचलून साकवावर गेली. समोर दुसरी आवडी उभी, बोटभर मोठी.

"मागं फिर."

आवडीचे पाय सवयीनं वळलेसुद्धा. तेवढ्यात पोर कण्हली. मग मात्र आवडीला स्वतःचाच राग आला. तिनं लेकीला दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"माझ्याशी नको. हिच्याशी लाव पंजा."

ते लहान होऊ लागलं. लहान, लहान, आणखी लहान. लेकीहून बोटभर मोठं, बस्स. पण तापसुद्धा बोटभर जास्त! ते 'मागं फिर' म्हणायला गेलं, तर त्याला बोलताच येईना. फळीवर पडल्यापडल्या कण्हायला लागलं, आणि त्यानं आवडीकडं हात वर केले. आवडीला भीती वाटलीच, पण कीव जास्त आली. एका कडेवर लेक, दुसऱ्या कडेवर ते, अशी ती साकव उतरली.

"वैद्यबुवा, दोघांना औषध द्या."

वैद्यबुवांनी दुसऱ्या कडेवर पाहिलं आणि दोन मात्रा उगाळल्या.

दोघं बरी झाली. धोंडूला वाचा फुटली, बैल हंबरला. साकवावर आता ज्याच्याजवळ ओझं, तो आधी जातो. गाव सुखात आहे.

आणि ते? ते आवडीच्याच घरी वाढलं. म्हणून तर त्या गावात पोरांची उंची मोजून भिंतीवर रेघ मारत नाहीत. मारली, तर सकाळी तिच्यावर बोटभर उंच आणखी एक रेघ दिसते.

आता भिंतीकडं कशाला बघताय? मिटा डोळे. तेही झोपलंय.