टाकीखालचा थेंब

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की डोंगरावरच्या सात गावांना मिळून एकच ट्रक होता. आता तुम्ही म्हणाल, फार पूर्वी ट्रक कुठून आला? तर या गोष्टीत तो होता आणि डिझेलवर चालायचा, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाकीचं विचारू नका.

डोंगराच्या पायथ्याशी खाडी होती, मिठागरं होती आणि छोटासा बाजार होता. वर सात गावं, मधे अवघड घाट. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळायच्या आणि वाट चार महिने बंद व्हायची. म्हणून मृग लागण्याआधी ट्रकभर मीठ वर पोचवायचं, असा रिवाज होता. मीठ पोचलं नाही तर सातही गावांनी चार महिने आळणी जेवायचं. माणसं एक वेळ कुरकुर करून जेवतील, पण गुरं मिठावाचून खंगतात.

त्या राज्यात डिझेल मापून मिळे. ट्रकला एका फेरीपुरतं, लोहाराला त्याचा भाता चालवणाऱ्या इंजिनापुरतं. पुढचं माप पाऊस सरल्यावर.

ट्रकचा ड्रायव्हर मोठा हिंमतीचा. दंडात बळ, आवाजात जरब, आणि डोकं मात्र सदा तापलेलं. यंत्राबद्दल त्याचा एकच मंत्र होता, "गळलं की आवळ!" कुठे काही ठिबकलं की तो हातभर लांबीचा पाना घेऊन दिसेल तो बोल्ट पिळायचा.

त्या वर्षी मीठ भरून झालं, इंजिन सुरू झालं आणि त्याला टाकीखाली डिझेलचा थेंब दिसला. मग दुसरा. टाकी नवीन होती, बाजारातल्या लोहाराने नुकतीच करून दिलेली. झालं! ड्रायव्हर तडक ट्रक घेऊन लोहाराच्या दारात गेला आणि भर बाजारात ओरडला, "फुटकी टाकी गळ्यात मारलीस माझ्या! सात गावांचं मीठ अडकलं तर तोंड कुठे लपवशील?"

लोहार शांत माणूस. त्याने टाकी चहूबाजूंनी ठोकून पाहिली, सांध्यावरून बोट फिरवलं. "दादा, टाकी धड आहे," तो म्हणाला. "गळती दुसरीकडे कुठेतरी असेल. बघू या का?"

"थेंब टाकीखाली पडतो आणि गळती दुसरीकडे? मला शिकवतोस?" ड्रायव्हरने टाकीच्या सांध्यावर साबणाची वडी घासली, वर सगळे बोल्ट आणखी पिळले, आणि गाडीत चढला.

लोहार आत गेला आणि गोणपाटात बांधलेलं एक जड बोचकं घेऊन आला. ते त्याने ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवलं. "वाटेत अडलास तर सोडून बघ."

"तुझं काही नको मला!" ड्रायव्हर म्हणाला. पण उतरून ते परत द्यायलाही त्याला वेळ नव्हता. धुरळा उडवत ट्रक निघाला.

अर्ध्या घाटात तांबटांची वाडी होती. तिथे पोचेपर्यंत थेंबाची धार झाली होती. काटा पाहिला तर निम्म्याहून जास्त डिझेल गेलेलं. ड्रायव्हर गाडीखाली शिरला, साबण पुन्हा थापला, पुन्हा पाना घेतला, आणि शेवटी कपाळाला हात लावून रस्त्याकडेला बसला.

ठोकाठोकी थांबवून एक म्हातारी तांबटीण जवळ आली. "काय झालं रे बाबा?"

"टाकी फुटलीय, आजी. एका नालायक लोहाराने केलीय."

म्हातारी वाकून बघत राहिली. "आत्ता तर काही गळत नाहीये."

"इंजिन बंद आहे ना! चालू केलं की गळतं."

"मग टाकी कशी रे फुटकी?" म्हातारी हसली. "फुटक्या घागरीला झोप असते का? ती चुलीवर गळते, तशी फळीवर ठेवली तरी गळते. तुझं डिझेल कुणीतरी ढकललं की गळतंय. कुठून ढकलतं इंजिन त्याला?"

हे ड्रायव्हरला सुचायला हवं होतं.

"आधी गाडी माझ्या भट्टीपासून लांब घे," म्हातारी म्हणाली, आणि घरातून फडकं आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. ड्रायव्हरने टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी पुसून कोरडीठाक केली. साबणही खरवडून काढला. मग म्हातारीने चिमटीचिमटीने सगळीकडे पांढरी रांगोळी भुरभुरवली. पंप, फिल्टर, प्रत्येक जोड.

"आता कर सुरू."

इंजिन धडधडलं. दोघं टक लावून बसले. टाकीवरची रांगोळी पांढरीशुभ्र राहिली. पण पार वर, फिल्टरच्या डोक्यावरच्या बोल्टपाशी ती काळवंडली. तिथून ओल नळीवर उतरली, नळीवरून मागे सरकत गेली आणि टाकीच्या पोटाखाली थेंब होऊन लोंबली.

तो बोल्ट ड्रायव्हर दर वेळी पिळत होता.

बोल्ट काढला तेव्हा त्याखालची तांब्याची दोन्ही वायसरं, म्हणजे कड्यासारख्या चकत्या, चपटी, चरे पडलेली निघाली. म्हातारीने एक नखावर वाजवून पाहिलं. "हे तांबं दगड झालंय. तांब्याचं असंच असतं. जितकं ठोकशील, दाबशील, तितकं कडक होतं. आणि कडक झालेलं तांबं कशाला चिकटून बसेल? आम्ही हंडा घडवताना त्याला मधून मधून आगीत घालतो, मऊ करतो, नाहीतर चिरतो."

तिने दोन्ही वायसरं भट्टीत लाल केली, पाण्यात सोडली आणि घासून गुळगुळीत केली. ड्रायव्हरने ती बसवली, बोल्ट लावला आणि सवयीने खांद्याचा जोर काढला. म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली. "मनगटाने! खांद्याने नको."

मग त्याने हातपंप मारून नळीतली हवा काढली. बुडबुडे थांबले, इंजिन सुरू झालं, आणि रांगोळी पांढरी ती पांढरीच राहिली. ड्रायव्हर म्हातारीच्या पाया पडला.

पण सांडलेलं डिझेल थोडंच परत येतं? शेवटची दोन वळणं उरली आणि ट्रक खोकला, थरथरला, थांबला. वरच्या गावातला धूर दिसत होता. आकाश भरून आलं होतं. मीठ भिजलं तर सगळंच पाण्यात.

तेव्हा त्याला पाठीमागचं बोचकं आठवलं. त्याने गोणपाट सोडलं. आत डिझेलचा डबा होता, काठोकाठ भरलेला.

एवढा दांडगा माणूस, पण डबा मांडीवर घेऊन ढसाढसा रडला.

मीठ पोचलं. बायका ट्रकला ओवाळायला आल्या, तर ड्रायव्हर म्हणाला, "मला नका ओवाळू." का, ते त्याने सांगितलं नाही. सांगण्याची जागा दुसरी होती.

चार महिन्यांनी घाट मोकळा झाला. डब्यात उरलेल्या डिझेलवर तो खाली उतरला आणि थेट लोहाराकडे गेला. इंजिन कोपऱ्यात गार पडलेलं. लोहार हातानेच भाता ओढत होता. सगळा पावसाळा त्याने तो तसाच ओढला होता, तळहात घट्ट्यांनी भरून गेले होते.

"भर बाजारात मी तुला बोललो," ड्रायव्हर म्हणाला, "आणि तू आपल्या वाटणीचं डिझेल मला दिलंस?"

"तू चिडला होतास," लोहार म्हणाला. "मीठ थोडंच चिडलं होतं? ते वर पोचायला हवं होतं."

ड्रायव्हर बाजाराच्या मधोमध उभा राहिला आणि त्याच जरबेच्या आवाजात ओरडला, "ऐका हो! टाकी धड होती. बोल्ट मी पिळून बिघडवला. या माणसामुळे सात गावांनी मीठ खाल्लं!" मग तो आत गेला, लोहाराच्या हातून भात्याची दोरी घेतली आणि डिझेलचं नवं माप येईपर्यंत रोज तो भाता ओढत राहिला. अजूनही त्या घाटातले ड्रायव्हर गाडीत पान्याशेजारी रांगोळीची पुडी ठेवतात.

तात्पर्य: थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही, म्हणून आधी पुसून बघावं, मग बोट दाखवावं, आणि चुकून दाखवलंच, तर त्याच हाताने उपकार फेडावेत.