पडवीतली वाट

लहानांनो, आणि लहानांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या शहराचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एवढंच ठाऊक आहे, की ते डोंगराच्या कुशीत होतं आणि डोंगरावरचे ढग तिथे मुक्कामाला येत, ते परत जायचं नाव घेत नसत.

वर्षातले दहा महिने तिथे पाऊस असे. कधी धो धो, कधी नुसती भुरभुर. मिठाला पाणी सुटे, वहाणांना बुरशी धरे, धुतलेलं धोतर शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवावं लागे. पोरांच्या अंगाला धुराचा वास येई. बाहेरचा पाहुणा आला की दोन दिवसांत वैतागून म्हणे, "तुम्ही इथे राहता तरी कसे?"

राहत होते, कारण त्या शहराला पडव्या होत्या. प्रत्येक घराच्या पुढे दोन हात रुंद पडवी, वर उतरतं कौलारू छप्पर, आणि एका घराची पडवी दुसऱ्या घराच्या पडवीला लागलेली. देवळापासून बाजारापर्यंत माणूस पडवी-पडवीतून चालत जाई आणि त्याचा खांदासुद्धा भिजत नसे. पागोळ्या एका बाजूला गळत, माणसं दुसऱ्या बाजूने बोलत जात. ही वाट कुणा राजाने बांधली नव्हती. ज्याने त्याने घर बांधताना पुढची दोन हात जागा सगळ्यांसाठी सोडली होती, इतकंच.

या शहरात हैबती नावाचा एक रंगारी राहत होता. हात मोठा गुणी. त्याने दिलेला मंजिष्ठेचा लाल रंग सात धुण्यांनी फिका पडत नसे. घरात बायको साळू आणि म्हातारे वडील. वडिलांना सगळा रस्ता आबा म्हणे. आबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्याला बरीच वर्षं झाली होती. उजेड-अंधार कळे, बाकी काही नाही.

पण आबा घरात बसून राहणारे नव्हते. सकाळी भाकरी खाल्ली की उजवा हात भिंतीला लावून निघत. हाताखालून दगडी भिंत जाई, मग लाकडी खांब, मग कुणाची तरी दाराची चौकट. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लिंबाजी नावाचा त्यांचा बाळमित्र राहत होता. टोपल्या आणि इरली विणणारा. लिंबाजीचे गुडघे गेले होते, आबांचे डोळे. म्हणून चालायचं आबांनी आणि बघायचं लिंबाजीने, असं दोघांचं ठरलेलं. वाटेत दारादारातून हाका येत. "आबा, आज उशीर झाला?" "आबा, पायरी ओली आहे, जपून." दुपारपर्यंत दोघे म्हातारे बोलत बसत. काय बोलत ते त्यांचं त्यांना माहीत.

एका वर्षी एका सरदाराकडून हैबतीला मोठं काम आलं. मुलाच्या लग्नासाठी दोनशे लाल पागोटी हवी होती. रंग चढला सुरेख, पण वाळायचं नाव नाही. घरात जागा पुरेना, म्हणून हैबतीने पडवीत दोऱ्या बांधून कापड टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओले खांदे त्याला लागू लागले. कुणाच्या पाटीतलं पाणी गळलं, कुणाचं वासरू अंग घासून गेलं. बारा पागोट्यांवर डाग पडले.

हैबती चिडला. त्याने सुताराला बोलावलं आणि पडवीची दोन्ही तोंडं फळ्या ठोकून बंद केली.

साळू म्हणाली, "अहो, आबांची वाट आहे ती."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," हैबती म्हणाला. "कापड वाळलं की काढतो फळ्या."

दुसऱ्या दिवशी आबा निघाले आणि चार पावलांवर त्यांचा हात फळीला लागला. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली.

"हैबती, मध्ये काही आलंय का रे?"

"फळ्या लावल्यात आबा. थोडे दिवस रस्त्याने जा."

आबा रस्त्यात उतरले. हाताला भिंत नाही, डोक्यावर पाऊस. एक पाय गुडघ्यापर्यंत खड्ड्यात गेला. मागून गाडीवान ओरडला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?" कुणीतरी धरून त्यांना घरी आणून सोडलं. साळूने अंग पुसलं, शेगडी जवळ ओढली.

त्यानंतरच्या सकाळी ते आपल्या जागेवरच बसून होते. हैबतीने जाता-जाता विचारलं, "आज जात नाही का आबा?"

"पाऊस आहे रे," आबा म्हणाले.

हैबतीने मान डोलावली आणि तो रंगाच्या हंड्याकडे गेला. पाऊस तर रोजच होता आणि आबा रोजच जात होते, हे त्याच्या मनातही आलं नाही.

पागोटी सरदाराकडे पोचली. सरदार खूश झाला, आणखी कामं आली. फळ्या मात्र राहिल्या. पडवीत कापड छान वाळत होतं, मग त्या काढायच्या कशाला? शेजारच्या धान्यवाल्याने ते पाहिलं आणि आपल्या पडवीत पोती रचली. त्याच्या पलीकडच्या सुताराने लाकडं रचली. जो तो म्हणे, वाट मोडलीच आहे, आता आपण एकट्याने सोडून काय होणार? वर्ष सरायच्या आत देवळापासून बाजारापर्यंतची वाट तुकड्या-तुकड्यांची झाली. माणसं रस्त्याच्या मधून चालू लागली. डोक्यावर इरलं, मान खाली, पायाखाली चिखल. भिजणारा माणूस थांबून बोलत नाही.

आबा दाराशी बसून कान देत. "कोण गेलं ग साळू?" असं विचारत. साळू बाहेर बघे आणि म्हणे, "इरलं होतं आबा, तोंड दिसलं नाही."

एकदा एक गिऱ्हाईक हैबतीला म्हणालं, "त्या टोकाचा लिंबाजी विचारत होता. म्हणाला, आबाला म्हणावं, मी वाट बघतोय. माझं काही चुकलं असेल तर सांग म्हणावं." हैबती हंडा ढवळत होता. रंग अगदी उतू जायला आलेला. "सांगतो, सांगतो," तो म्हणाला. संध्याकाळी हात धुताना तो निरोप त्याच्या डोक्यातून रंगासारखाच धुऊन गेला.

दिवाळीच्या सुमारास आबांनी खाणं कमी केलं. एके दिवशी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"मला एकदा लिंबाजीकडे नेतोस का?"

हैबती त्यांच्याजवळ टेकला. तो म्हणाला, "नेतो ना. ही झड थांबू दे. या पावसात तुम्हाला बाधेल. उघडीप मिळाली की पाठीवर घेऊन जातो."

हे तो अगदी मनापासून बोलला होता. आबा म्हणाले, "बरं."

उघडीप मिळाली नाही. आठव्या दिवशी सकाळी साळू पेज घेऊन गेली तेव्हा आबा गेले होते.

आबांना पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. अख्खं शहर गाद्या, गोधड्या, धान्य घेऊन बाहेर आलं. हैबती त्या उन्हातून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. जन्मात पहिल्यांदाच त्याने ते अंतर वडिलांसाठी चालून पाहिलं. एक पान चघळून संपेल एवढ्या वेळात तो पोचला. एवढंच होतं ते.

लिंबाजी दाराशी टोपली विणत होता. हैबतीचं केस उतरवलेलं डोकं पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

"कधी?"

"तीन दिवस झाले."

म्हाताऱ्याने टोपली मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं, तो माझ्यावर रागावलाय. शेवटच्या दिवशी मी त्याला थट्टेत आंधळा म्हणालो होतो. निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. म्हटलं, राग गेला की येईल."

"ते रागावले नव्हते," हैबती म्हणाला. "निरोप मला मिळाला होता काका. मी त्यांना सांगितलाच नाही. आणि वाट मीच बंद केली होती."

त्याला वाटलं, लिंबाजी शिव्या देईल, टोपली फेकून मारील. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. लिंबाजीने फक्त बांबूची कामटी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "वर्षभर काय करत होता तो?"

"बसून असायचे," हैबती म्हणाला. वर्षभर एका घरात राहून वडिलांचा दिवस कसा जातो ते त्याने पाहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी घरी येऊन हैबतीने सगळ्या फळ्या उपटल्या. मग तो धान्यवाल्याकडे गेला, सुताराकडे गेला, दारोदार फिरला. हात जोडून म्हणाला, "वाट मोकळी करा." धान्यवाला म्हणाला, "करतो रे. पण पोती कुठे ठेवू ते सांग." हैबती पुढच्या दाराकडे वळला. कुणी जागा सोडली, कुणी नाही सोडली. मोडायला एक वर्षही लागलं नव्हतं, पण पुन्हा जोडायला हैबतीचं उरलेलं आयुष्य पुरलं नाही.

तो रोज लिंबाजीकडे जाऊ लागला. अर्धी वाट पडवीतून, अर्धी पावसातून. थंडीने कुडकुडत जाऊन बसे, कामट्या सोलून देई. एके दिवशी लिंबाजी म्हणाला, "पोरा, तू येतोस ते चांगलं आहे. पण कुणीतरी यावं म्हणून मी वाट बघत नव्हतो. मी आबाची वाट बघत होतो."

हैबतीने मान खाली घातली. बाहेर पाऊस लागला होता. तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही आला.

सगळ्यांचा आडोसा जो एकट्यासाठी अडवतो, त्याचं आपलंच माणूस आधी उघड्यावर पडतं.