नदीच्या मधोमध राहिलेली डॉर्कस

फार फार वर्षं झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत काळी माणसं विकली जात, विकत घेतली जात, तेव्हाची ही गोष्ट. टॅलो नावाच्या रुंद नदीकाठी डॉर्कस नावाची एक गुलाम बाई होती. तिची म्हातारी मालकीण मरताना तिला मोकळी करून गेली. नवरा आयसम मात्र शेजारच्या मळ्यावर गुलामच राहिला.

पण त्या मुलखात मोकळं होणंही सोपं नव्हतं. न्यायाधीशाने डॉर्कसला बोलावून सांगितलं, "वर्षभरात हे राज्य सोडायचं. नाहीतर पुन्हा लिलाव."

"मग पलीकडच्या काठावर जाऊ, साहेब?"

"ते दुसरं राज्य. मोकळ्या काळ्या माणसाला तिथे पाय ठेवायला बंदी आहे."

"आणि मधे, पाण्यावर?"

न्यायाधीश हसला. "पाण्याबद्दल कायदा काही बोलत नाही."

डॉर्कस हसली नाही. तिने ओंडक्यांचा तराफा बांधला, त्यावर खोपट उभारलं आणि नदीच्या मधोमध नांगर टाकला. असं म्हणतात, त्या तराफ्यावर तिने मका पेरला आणि तो पुरुषभर वाढला. रविवारी आयसम काठावर येऊन उभा राहायचा.

"जेवलास का रे?" ती विचारायची.

तेवढा वेळ नदी खळखळ थांबवायची, असं म्हणतात.

वर्ष सरलं. अर्धी नदी आमच्याच राज्याची, असं म्हणत शेरीफ तिला पकडायला होडीतून निघाला. पण तो जितकं वल्हवी, तितकी नदी रुंद होई. दिवस मावळताना तो निघाला त्याच काठाला येऊन लागला.

मग मळेवाल्याने आयसमलाच दूर दक्षिणेत विकून टाकलं. त्याला साखळीने बांधून काठाकाठाने नेऊ लागले, तेव्हा डॉर्कस जिवाच्या आकांताने ओरडली, "उडी टाक, आयसम!"

त्याने साखळीसकट उडी टाकली. असं म्हणतात, लोखंड लाकडासारखं तरंगलं. तिने त्याला वर ओढून घेतलं, नांगराचा दोर कापला, आणि तराफा प्रवाहाच्या उलट, उत्तरेकडे चालू लागला. पुढे त्यांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

गुलामांचं लग्न त्या काळी कायदा मानतच नसे. म्हणून डॉर्कस-आयसमची आठवण ठेवून आजही तिथल्या काळ्या लोकांत लग्न लागलं की नवरा-नवरीला होडीत बसवून नदीच्या मध्यावर नेतात. नावाडी वल्ही वर उचलतो आणि विचारतो, "कुठल्या काठाला लावू?"

दोघांनी मिळून ठणकावून सांगायचं असतं, "आम्हाला वाटेल त्या!"