ज्वालोजीला डाग नको होते

सूर्याच्या अंगावर आगीच्या माणसांचं एक गाव होतं. मधल्या आळीतले लोक झपाझप चालत, टोकाच्या आळीतले रमतगमत. सगळ्यांच्या हातात चुंबकाचा एकच लांब धागा. मधले पुढे जात, टोकाचे मागे राहत, त्यामुळे धागा ताणला जाई, सूर्याभोवती गुंडाळला जाई, पीळ बसून दणकट होई. कुठे फारच ताण आला की तो उसळून वर येई आणि तिथे काळा डाग दिसे. डाग विरला की त्याचे तुटके धागे वाहत टोकाच्या आळीत येत. तिथली म्हातारी ध्रुवाक्का त्यांतूनच नवा धागा कातायची, आधीच्या उलट तोंडाचा. म्हणून दर अकराएक वर्षांनी सूर्याच्या चुंबकाच्या उत्तर-दक्षिण टोकांची अदलाबदल होई. पण धागा कधी संपला नाही.

मधल्या आळीचा कारभारी ज्वालोजी एकदा भडकला. "या आळशांपायी आपल्या तोंडाला डाग! आजपासून सगळ्यांनी एका पावलानं चालायचं!"

ध्रुवाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आळशी कोणाला म्हणतोस रे? आम्ही मागे राहतो म्हणून तुझा धागा ताणला जातो!"

पण ऐकतो कोण! गावानं माना डोलावल्या, सगळे एका चालीनं चालू लागले. डाग गेले. ज्वालोजी चकचकीत तोंडानं मिरवू लागला. मोठा आला शहाणा! इकडे धागा ढिला पडला, झिजत चालला. डागच नाहीत, तर टोकाच्या आळीत एकही तुकडा येईना.

ध्रुवाक्का तरातरा चावडीवर गेली आणि रिकामी टोपली तिनं ज्वालोजीपुढे आदळली. "कशातून कातू? तुझ्या स्वच्छ तोंडातून? मूठ उघड आधी!"

ज्वालोजीनं मूठ उघडली. आत जेमतेम एक तंतू उरला होता. त्याचा चेहरा उतरला. "अक्का, आता कसं?"

"कसं म्हणजे? एक टोक तू धर, एक मला दे. तू पळ तुझ्या पायांनी. मी माझ्याच चालीनं येणार, आणि कोणी घाई कर म्हणालं तर बघ!"

तो पळाला. ती सावकाश निघाली. तंतू ताणला गेला, पीळ बसत गेला, हळूहळू दणकट झाला. बऱ्याच काळानं ज्वालोजीच्याच अंगणात काळा डाग उमटला.

"अक्का, डाग आला!" तो आनंदानं ओरडला.

"नाचू नकोस," अक्का तिकडून कडाडली. "विरला की तुकडे पाठव. आणि माझ्या आळीची माफी माग."

त्यानं भर चावडीत माफी मागितली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वेगळ्या चालीला खोट म्हणू नये, सगळ्यांना एका पावलानं चालायला लावणारा ज्यावर सगळे जगतात तो धागाच गमावून बसतो.